समुद्राची रोजकीर्द

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातही तसेच. जमिनीवर डोंगराला तपकिरी रंग, मैदानाला हिरवा. समुद्राला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत निळाच. पण पाचूबंदरच्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारून पाहा. खडक कुठे आहे, गाळ कुठे साचतो, ओहोटीला होडी कुठे टेकते, हे तो डोळे मिटून सांगेल. त्याच्या डोक्यात समुद्राचा नकाशा आहे. तो कागदावर उतरलेला नाही, एवढेच.

कागदावरचा समुद्राचा नकाशा कसा तयार होतो, तो कोण तयार करतो आणि त्यावर किती भरवसा ठेवावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय शास्त्रज्ञांचा आहे, आपल्याला त्यातले काय कळणार, असे कुणाला वाटेल. पण दिवसभर कचेरीत बसून रकान्यांत आकडे भरणाऱ्या माणसाला तो मुळीच परका वाटत नाही. कारण समुद्राच्या नकाशाची सुरुवात कुंचल्याने होत नाही, ती आकड्यांच्या रकान्यांनी होते. आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज आणि सर्वांत शेवटी चित्र.

एक रेघ म्हणजे काय?

पूर्वी खोली मोजायची तर दोरीला शिसे बांधून ते पाण्यात सोडत. शिसे तळाला टेकले की दोरी किती वाव गेली ते मोजायचे. किनाऱ्याजवळ हे ठीक. भर समुद्रात तीन-चार हजार मीटर खोलीवर एका मोजणीला कित्येक तास लागत. ब्रिटनचे ‘चॅलेंजर’ हे जहाज सन १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरले. साडेतीन वर्षांच्या त्या प्रवासात खोल समुद्रातल्या मोजण्या झाल्या पाचशेच्याही आत.

पुढे आवाजाने खोली मोजण्याचे यंत्र आले. जहाजाच्या तळातून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत येईपर्यंत किती वेळ लागला ते पाहायचे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. आवाज जाऊन-येऊन ४ सेकंद लागले तर जायला २ सेकंद, म्हणजे खोली ३००० मीटर. सातवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. जहाज चालत राहते, यंत्र आवाज सोडत राहते आणि प्रत्येक वेळी एक नोंद होते: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली. बरोबर इतर यंत्रे असली तर चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण यांचेही आकडे येतात.

अशा नोंदींचे ठिपके नकाशावर मांडून जोडले की जहाजाच्या वाटेची रेघ तयार होते. तिला सर्वेक्षणाचा मार्ग म्हणतात. शेतकरी औत घेऊन शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो, वळतो, पुन्हा शेजारून येतो. सर्वेक्षणाचे जहाज तसेच समुद्रात तास मारत जाते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. जहाजाला कळते ते त्याच्या खालचे. दोन रेघांच्या मधल्या जागेत काय आहे ते त्याने पाहिलेले नसते. हल्लीचे बहुकिरण यंत्र जहाजाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा एकदम मोजते, पण तो पट्टा खोलीवर अवलंबून असतो. समुद्र खोल असेल तर पट्टा रुंद, उथळ असेल तर अरुंद. म्हणून आपल्या वसईसारख्या उथळ किनाऱ्याजवळ तेवढीच जागा मोजायला भर समुद्रापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

उतरवायची राहिलेली नोंद

८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेच्या नौदलाची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी प्रशांत महासागरात ग्वाम बेटाच्या दक्षिणेला पाण्याखालून वेगाने चालली होती. वापरातल्या नकाशावर समोर काहीच नव्हते. प्रत्यक्षात समोर पाण्याखालचा डोंगर होता. पाणबुडी त्यावर पूर्ण वेगाने आदळली. एक खलाशी डोक्याला मार लागून मरण पावला आणि बहुतेक खलाशी जखमी झाले. पुढचा भाग पार चेपला गेला होता, तरी पाणबुडी कशीबशी वर आली आणि बंदराला लागली.

चौकशीत निघालेली गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पाणबुडीवरच असलेल्या दुसऱ्या नकाशांवर त्या भागात धोका असल्याची खूण होती. वापरातल्या नकाशावर ती कुणी उतरवलीच नव्हती. माहिती घरात होती, पण योग्य पानावर नव्हती. कचेरीत काम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पावती फाइलला आहे आणि खतावणीत चढवलेली नाही, असे झाले की काय गोंधळ होतो ते आपण जाणतो. कचेरीत पैशांचा घोळ होतो. समुद्रात माणसाचा जीव जातो.

जहाजावर न गेलेली बाई

या कामाची खरी थोरवी एका बाईने दाखवली. तिचे नाव मेरी थार्प. जन्म १९२०, अमेरिकेतला. सन १९४८ मध्ये ती न्यूयॉर्कजवळच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संस्थेत कामाला लागली. या संस्थेला पुढे लॅमाँट हे नाव मिळाले. तिथली जहाजे समुद्रात जाऊन खोली मोजत, पण बायकांना जहाजावर घेत नसत. तिचे सहकारी ब्रूस हीझन समुद्रावर जात आणि मेरीने कचेरीत टेबलापाशी बसून त्या आकड्यांवरून नकाशे काढायचे, अशी कामाची वाटणी होती.

हजारो आकडे तिने हाताने मांडले. अटलांटिक महासागराच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गेलेल्या जहाजांच्या मार्गांवरून तिने तळाच्या सहा आडव्या रेखाकृती तयार केल्या आणि एकीखाली एक ठेवल्या. महासागराच्या मधोमध डोंगरांची रांग आहे हे आधीच माहीत होते. पण १९५२ च्या सुमारास मेरीच्या लक्षात आले की त्या रांगेच्या माथ्यावर एक खोल चीर आहे आणि ती प्रत्येक रेखाकृतीत त्याच जागी येते. चीर असेल तर जमीन तिथे फाटते आहे, खंडे एकमेकांपासून सरकत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. त्या काळी असे बोलणे म्हणजे वेडेपणा समजला जाई. हीझन यांनी तिचे म्हणणे बायकी बडबड म्हणून उडवून लावले.

मेरीने वाद घातला नाही, ती मांडत राहिली. शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा एक कर्णबधिर चित्रकार भूकंपांच्या जागा नकाशावर मांडत होता. दोघांचे कागद एकमेकांवर ठेवले तेव्हा भूकंपांचे ठिपके नेमके त्या चिरेवरून गेलेले दिसले. पुढे हीझन यांनाही पटले. सन १९५७ मध्ये अटलांटिकचा नकाशा छापला गेला, १९६७ मध्ये हिंदी महासागराचा आणि १९७७ मध्ये सगळ्या जगाच्या समुद्रतळाचा. मेरी स्वतः सर्वेक्षणाच्या जहाजावर पहिल्यांदा गेली ती १९६८ साली. म्हणजे समुद्रतळाची सर्वांत मोठी चीर तिने शोधली ती जहाजावर पाय न ठेवता, टेबलापाशी बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या आकड्यांची नीट मांडणी करून. कारकुनी काम म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मेरी थार्पची आठवण ठेवावी.

गोव्याहून निघालेली जहाजे

हिंदी महासागराच्या त्या नकाशामागे सन १९५९ ते १९६५ या काळातली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम होती. अनेक देशांची जहाजे आपल्या समुद्रात फिरली. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे आणि एक केंद्र मुंबईत अंधेरीला, म्हणजे आपल्या विरार लोकलच्या वाटेवरच आहे.

या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ या जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरचे धातूचे गोळे पहिल्यांदा वर काढले. बटाट्याएवढ्या या काळ्या गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. मग हिंदी महासागराच्या मधल्या भागात मोजणी सुरू झाली. रेघेशेजारी रेघ, फेरीमागून फेरी. त्या मोजणीच्या बळावर सन १९८७ मध्ये भारताला तिथला दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा शोधासाठी मिळाला. पुढे त्यातला निम्मा सोडून ७५ हजार चौरस किलोमीटर भाग ठेवण्यात आला आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. जमिनीचा हक्क सांगायला सातबारा लागतो. समुद्रतळावर सातबारा नसतो, तिथे आम्ही इथून गेलो आणि एवढे मोजले, हे सांगणाऱ्या रेघा लागतात.

सन १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत बांधलेले ‘सागरकन्या’ हे सुमारे शंभर मीटर लांबीचे जहाज आले. त्याच्या मोजणीतून पाण्याखालचे अज्ञात डोंगर सापडले. एकाला जहाजाचेच नाव मिळाले, सागरकन्या. दुसऱ्याला समुद्रशास्त्रज्ञ पणिक्कर यांचे, तिसऱ्याला भूशास्त्रज्ञ वाडिया यांचे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव असलेली एक डोंगररांगही अरबी समुद्राच्या तळाशी आहे.

आमच्या वाचकांना आवडेल अशी बातमी २०२४ सालची आहे. हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात पाण्याखाली सापडलेल्या तीन जागांना भारताने सुचवलेली नावे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही ती नावे. यातला अशोक डोंगर सन २०१२ मध्ये एका रशियन जहाजाने केलेल्या सर्वेक्षणात सापडला. ज्या सम्राटाने आपले लेख शिळांवर कोरून ठेवले आणि ज्याच्या लेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्यातही मिळाला, त्याचे नाव आता समुद्राच्या तळाशी असलेल्या शिळेलाही लागले आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने यासाठी काम केले.

एक गोष्ट मुलींसाठी. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत या गोव्याच्याच संस्थेतल्या. सन १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या होत्या. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अशा दोघी त्या बर्फाळ खंडावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ ठरल्या. मेरीला बंद असलेला जहाजाचा दरवाजा असा उघडत गेला.

काळ्या पडद्यावरची चार वाक्ये

मेरी थार्पने जे शाईने केले ते आता संगणकावर होते. ज्या लॅमाँट संस्थेत ती काम करीत होती, तिथेच १९८०च्या दशकाच्या अखेरीस पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ या दोन विद्यार्थ्यांनी नकाशे काढण्याचे एक सॉफ्टवेअर लिहिले. त्याचे नाव जेनेरिक मॅपिंग टूल्स, थोडक्यात जीएमटी. सन १९९१ मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवले, तेही फुकट. वेसल मूळचे नॉर्वेचे. सन २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ त्यांचे सॉफ्टवेअर वापरतात आणि आजही त्याला एक पैसा पडत नाही. विंडोज असो की लिनक्स, साध्या संगणकावर ते चालते.

यात माउसने चित्र ओढायचे नसते. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम द्यायचा. आपल्या किनाऱ्याचा नकाशा काढून त्यावर जहाजाचा मार्ग मांडायचा असेल तर चार ओळी पुरतात. पहिली ओळ ‘जीएमटी बिगिन’ आणि पुढे नकाशाचे नाव. दुसरी ओळ ‘जीएमटी कोस्ट’, म्हणजे किनारा काढ. या ओळीत इंग्रजी आर अक्षरापुढे चौकट सांगायची: रेखांश ७२ ते ७३, अक्षांश १९ ते २०. या चौकटीत खाली वांद्र्यापासून वर डहाणूपर्यंतचा किनारा येतो, मध्ये वसई, अर्नाळा, केळवे. जे अक्षरापुढे नकाशाची पद्धत आणि रुंदी, जी अक्षरापुढे जमिनीचा रंग. तिसरी ओळ ‘जीएमटी प्लॉट’, पुढे आकड्यांच्या फाइलचे नाव आणि डब्ल्यू अक्षरापुढे रेघेची जाडी व रंग. चौथी ओळ ‘जीएमटी एंड’. एंटर दाबला की नकाशा तयार.

आकड्यांची फाइल म्हणजे साधी रोजकीर्दच. एका ओळीत एक नोंद, पहिल्या रकान्यात रेखांश, दुसऱ्यात अक्षांश, तिसऱ्यात खोली. जुन्या जहाजांच्या नोंदी प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने ठेवी, एकाचे दुसऱ्याला वाचता येत नसे. म्हणून १९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदीचा एक नमुना ठरवला. प्रत्येक नोंद १२० अक्षरांची, कुठल्या जागी तारीख, कुठल्या जागी खोली हे पक्के. या नमुन्याला एमजीडी ७७ म्हणतात. अनेक देशांच्या जहाजांच्या अशा नोंदी अमेरिकेतल्या सरकारी केंद्रात जमा असून त्या कुणालाही विनामूल्य मिळतात. त्या थेट वाचून मार्ग काढणारी वेगळी कमांडही जीएमटीमध्ये आहे. तिच्याने रेघेवर जहाजाच्या फेरीचा क्रमांक आणि तारखाही पडतात.

कुणी म्हणेल, एवढी अक्षरे टाइप करण्यापेक्षा माउस बरा. पण टाइप केलेला हुकूम फाइलमध्ये जपून ठेवता येतो. सहा महिन्यांनी साहेबांनी विचारले की ही रेघ इथे कशी आली, तर व्हाउचर दाखवावे तसे चार ओळी दाखवता येतात. दुसऱ्या गावातला माणूस त्याच चार ओळी चालवून तोच नकाशा काढू शकतो आणि आपली चूक असेल तर बोट ठेवू शकतो. जहाजाच्या एका फेरीऐवजी पाचशे फेऱ्या असल्या तरी काम तेवढेच. हाताने ओढलेल्या चित्राला असा पुरावा मागे राहत नाही.

तेरीज जुळली पाहिजे

नवशिक्याच्या चुका गमतीच्या असतात, पण त्यांतून शिकायला मिळते. आपण बोलताना आधी अक्षांश सांगतो, मग रेखांश. जीएमटीला आधी रेखांश लागतो. उलटे लिहिले तर वसईची होडी जाऊन पोहोचते ७२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे थेट नॉर्वेच्याही वर, भर समुद्रात. दुसरी चूक दोन फेऱ्यांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये सलग टाकण्याची. मध्ये फेरी संपल्याची खूण केली नाही तर संगणक पहिल्या फेरीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात सरळ जोडून टाकतो. एक फेरी मुंबईला संपली आणि दुसरी चेन्नईहून निघाली तर जहाज घाट चढून, दख्खन ओलांडून गेलेले दिसते. संगणक हुकुमाचा ताबेदार. जहाज डोंगरावर चढत नाही एवढी अक्कल आपण वापरायची.

खरी परीक्षा वेगळीच असते. समजा सोमवारी जहाज पूर्व-पश्चिम गेले आणि गुरुवारी उत्तर-दक्षिण. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे जागा एकच आहे, म्हणून खोलीही एकच यायला हवी. सोमवारच्या वहीत ६२ मीटर आणि गुरुवारच्या वहीत ६७ मीटर असेल तर तेरीज जुळत नाही. फरकाची कारणे शोधायची. घड्याळ चुकले का? जहाजाची जागा चुकली का? उपग्रहांची जीपीएस पद्धत १९९५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. उपग्रह येण्यापूर्वी भर समुद्रात तारे पाहून जागा ठरवीत आणि ती काही किलोमीटरने चुके. एक मोजणी भरतीला आणि दुसरी ओहोटीला झाली का? आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, तो वजा केला का? पाण्याच्या उष्णतेने आणि खारटपणाने आवाजाचा वेग बदलतो, तो हिशेबात धरला का?

अशा छेदणाऱ्या जागा शोधून फरक काढणाऱ्या कमांडही या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. फरक दिसला की नोंद तपासायची, कारण सापडले की दुरुस्ती करायची. कारण सापडले नाही तर फरक तसाच दाखवायचा. आकडा दाबून तेरीज जुळवणारा कारकून किती दिवस टिकतो ते सर्वांना माहीत आहे.

समुद्रातले खोटे रस्ते

सन २००९ च्या फेब्रुवारीत एक मौज झाली. गूगल अर्थवर आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी सरळ आडव्या-उभ्या रेषांची जाळी दिसली. एखाद्या आखीव शहराचे रस्तेच. बुडालेले प्राचीन शहर सापडले म्हणून वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. गूगलने खुलासा केला की हे रस्ते नसून सर्वेक्षणाच्या जहाजांचे मार्ग आहेत. जिथून जहाज गेले तिथे तळ बारकाईने दिसत होता, आजूबाजूला पुसट. त्या दोहोंतल्या फरकाच्या रेषा झाल्या होत्या.

आजूबाजूचा पुसट भाग कुठून आला? तो उपग्रहांवरून काढलेला अंदाज. पाण्याखाली मोठा डोंगर असला की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वरचे पाणी ओढले जाते आणि समुद्राला थोडा फुगवटा येतो. दोन हजार मीटर उंच डोंगरावर तो जेमतेम दोन मीटरचा असतो. उपग्रह हा फुगवटा मोजतो आणि त्यावरून तळाचा अंदाज बांधतात. युक्ती मोठी आहे, पण अंदाज तो अंदाज. लहान डोंगर त्यातून सुटतात.

जगाचा सगळा समुद्रतळ मोजण्याचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा नीट मोजलेला भाग फक्त ६ टक्के होता. जून २०२५ मध्ये तो २७.३ टक्क्यांवर आला. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश तळावर अंदाजाचा रंग फासलेला आहे. रंगीत नकाशा पाहून हे कळत नाही. त्याच नकाशावर जहाजांचे मार्ग काढले की लगेच कळते. जिथे रेघा दाट आहेत तिथे माहिती आहे, जिथे एकही रेघ नाही तिथे अंदाज आहे. म्हणून या बारीक रेघेला आम्ही नकाशाचा प्रामाणिकपणा म्हणतो.

आपल्या दारात

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी जरा उत्तरेकडे पाहावे. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर होऊ घातले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा, आणि समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. नोकऱ्या मिळतील म्हणून काही लोक आशेने पाहतात, आणि मासेमारीची जागा जाईल म्हणून मच्छीमार अनेक वर्षे विरोध करीत आले आहेत. बाजू कुठलीही घ्या, टेबलावर नकाशे येणारच. ते आले की आपल्या माणसाला विचारता यायला हवे: इथे मोजणी झाली ती कुठल्या महिन्यात? रेघा किती अंतरावर आहेत? या रेघेच्या मधल्या जागेचे काय? ज्याला हे प्रश्न विचारता येतात त्याला कुणी नुसता रंगीत कागद दाखवून घरी पाठवू शकत नाही.

दुसरी गोष्ट छोटी आहे. जीएमटीमध्ये किनारा पाच प्रकारे काढता येतो, अगदी ढोबळ ते अगदी बारीक. ढोबळ किनारा मागवला तर लहान बेटे गाळली जातात. वसईच्या खाडीतले पाणजू बेट, जिथे पिढ्यानपिढ्या माणसे राहतात, ते ढोबळ नकाशावर दिसणारच नाही. नकाशात नाही म्हणजे जगात नाही असे नव्हे, काढणाऱ्याने किती बारीक पाहायचे ठरवले त्यावर ते अवलंबून असते. ज्या वस्त्या कागदावर कुठेच नसतात तिथे राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

मग आपण आपले बारीक मोजावे. त्यासाठी जहाज लागत नाही. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरारची लोकल बंद पडली, ते दिवस कुणी विसरलेले नाही. कुठल्या गल्लीत किती पाणी चढले हे प्रत्येक घराला ठाऊक असते, पण लिहून कुणी ठेवत नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर डाग राहतो. तो जमिनीपासून किती उंच आहे हे टेपने मोजावे, हातातल्या मोबाइलवर त्या जागेचे रेखांश-अक्षांश पाहावेत आणि वहीत तीन रकान्यांत लिहावे: रेखांश, अक्षांश, पाण्याची उंची. कोपऱ्यात तारीख. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी सुट्टीत एवढे केले तर वस्तीची रोजकीर्द तयार होईल. संगणक असलेल्या एखाद्या घरी, शाळेत किंवा अभ्यासिकेत वर सांगितलेल्या चार ओळी चालवल्या की नकाशाही होईल. मोजलेल्या गल्ल्या त्यात दिसतील, न मोजलेल्या कोऱ्या दिसतील, आणि त्या कोऱ्याच ठेवाव्यात. असा नकाशा हातात घेऊन गेलेल्या माणसाला ‘तुमच्याकडे पाणी भरतच नाही’ असे सांगणे कुणालाही जड जाईल.

मेरी थार्पजवळ जहाज नव्हते. तिच्याजवळ टेबल होते, आकडे होते आणि चिकाटी होती. टेबल आपल्या घरात आहे. आकडे आपल्या दारात आहेत. राहिली चिकाटी, तर पहाटेची विरार लोकल रोज पकडणाऱ्या आईबापांच्या लेकरांना ती दुसऱ्याकडून शिकायला नको.